ओलं ढेकूळ

लुईस बेटावर आमची चराईची सभा भरते
जुन्या शाळेत, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी.
दार धड लागत नाही.
शेवटी येणाऱ्याने खांद्याने रेटायचं, असा रिवाज,
पण शेवटी येतो तो रेटतोच असं नाही.

शेगडीसाठी प्रत्येकाने पीटचं एक ढेकूळ आणायचं.
कुणाचं खडखडीत वाळलेलं,
कुणाचं अजून दलदलीचा वास मारणारं.
चिमटा मात्र एकटीच्या हातात, डोलिनाच्या.
ती आमची कारकून, एकवीस वर्षं.
मेंढ्यांची मोजदाद तिच्या वहीत,
बोलायची पाळी तिच्या पेन्सिलीच्या टोकावर.

नोव्हेंबरात विषय साधा होता: ओढ्याकडचं कुंपण,
दोनशे मीटर, खर्च कुणाचा.
टॉर्क्विल उठला. म्हणाला, कुंपण राहू दे,
आधी हिला विचारा, हिचा कुत्रा रात्री कुठे असतो.
ही म्हणजे उना. ग्लासगोहून आलेली,
मावशीची जमीन कसायला. गेलिक अजून अडखळतं तिचं.
ती म्हणाली, साखळीला असतो.
तो म्हणाला, साखळी हा शब्द तरी नीट उच्चार आधी.

आणि आम्ही हसलो.
लपवत नाही, मीही हसले.
फार नाही, नाकातून सुटतं तेवढं.
मग कुणी तिच्या मावशीचं काढलं,
कुणी मावशीच्या नवऱ्याचं,
मेलेली माणसं एकेक करून आत येऊन बसली,
दार तर उघडंच होतं.

डोलिनाने पेन्सिल आपटली. पुन्हा आपटली.
टॉर्क्विलला म्हणाली, खाली बस.
तो बसला.
उना तोवर कोट चढवून निघून गेली होती.

घरी जाताना आम्ही डोलिनाला धारेवर धरलं.
आधीच आवरायला नको होतं का तिने?
कशाला मग ती खुर्ची, कशाला ती वही?
मर्डो म्हणाला, पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघू.
वारा पाठीवर होता,
बोलणं सोपं जात होतं.

डिसेंबरात ती वेळेवर आली.
शेगडीपाशी बसून मागचं इतिवृत्त वाचू लागली:
"टॉर्क्विल मॅकॉले उनाच्या उच्चारावर बोलले.
हसले: एफी, मर्डो, किर्स्टी, दोघे मॅकाइव्हर भाऊ.
हसले नाहीत, बोललेही नाहीत: बाकीचे अकरा.
कारकुनाने पेन्सिल आपटायला उशीर केला.
तिला वाटलं, कुणीतरी बोलेल."

मेंढ्यांची यादी वाचावी तसा आवाज.
मग विचारलं, नोंद बरोबर? कुणाची दुरुस्ती?

शेगडीत एक ओलं ढेकूळ धुमसत होतं,
धूर सगळ्यांच्या डोळ्यांत.
टॉर्क्विल म्हणाला, माझ्याबद्दल जे लिहिलंय...
आणि पुढे काही सुचलं नाही त्याला.
म्हातारा अंगस काठी टेकत उठला.
मी त्या अकरांतला, म्हणाला.
असं मोघम नको. नाव घाल माझं.
तिने घातलं. मग बाकीच्यांनीही सांगितली,
काहींनी जमिनीकडे बघत.
एक जण दोनदा विचारल्यावर.
बराच वेळ गेला, कुंपण तसंच राहिलं.

सगळे गेल्यावर मी चिमटा उचलला.
इतकी वर्षं वाटायचं, जड असेल.
धुमसणारं ढेकूळ बाहेर ओढलं, उलटं केलं:
बुडाशी करपलेला निळा धागा,
माझ्याच पिशवीचा.

जानेवारीत उना आली,
उशिरा, सगळ्यांच्या शेवटी, काखेत ढेकूळ घेऊन.
दार रेटायला पाच जण एकदम उठले
आणि एकमेकांच्या पायांत आले.
ती हसली नाही. बसली मात्र.
कुंपणाचा खर्च अजून ठरायचा आहे.